कुलपाच्या कपाटातला उजेड : वाचनालयाच्या कार्यकारिणीस खुले पत्र

मा. अध्यक्ष, कार्यवाह आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य यांस,

स. न. वि. वि.

'हॅरी पॉटर' मालिकेतली पुस्तकं बालविभागाच्या उघड्या फळीवरून काढून कार्यालयातल्या कुलपाच्या कपाटात ठेवायची आणि पालकांच्या सहीची चिठ्ठी आणली तरच मुलांना द्यायची, असा ठराव आपण केलात. तो मी फलकावर वाचला. मी या वाचनालयाची जुनी सभासद आहे, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, आणि ही पुस्तकं घरी नेणारी बरीचशी मुलं माझ्या वर्गातली आहेत. पत्र खुलं लिहिते आहे, कारण ठराव जाहीर आहे आणि ज्या पालकांनी तक्रार केली त्यांनाही माझं म्हणणं वाचता यावं. त्यांच्याविषयी माझ्या मनात अढी नाही. आपलं मूल काय वाचतं याकडे लक्ष देणारे पालक कुठल्याही शिक्षकाला हवेच असतात.

तक्रारी दोन आहेत असं कळलं. एक म्हणते, ही पुस्तकं वाचून मुलं अंधश्रद्धाळू होतील, काठ्या हातात धरून मंत्र पुटपुटायला लागलीच आहेत. दुसरी म्हणते, ही भुताखेतांची आणि परक्या मंत्रतंत्रांची पुस्तकं आहेत, आपल्या घरात ती नकोत. पहिल्या तक्रारदाराला भूत खोटं वाटतं म्हणून राग आहे, दुसऱ्याला ते खरं वाटतं म्हणून धास्ती आहे. दोघांनाही एकाच ठरावात उत्तर दिलं गेलं, आणि पुस्तकांत काय लिहिलं आहे याची चर्चा झाल्याचं इतिवृत्तात कुठे दिसत नाही. ती चर्चा इथे करते.

जादूच्या शाळेत शिकणाऱ्या हॅरी या अनाथ मुलाची ही मालिका मोठी आहे. जे. के. रोलिंग यांचं पहिलं पुस्तक १९९७ साली आलं, सातवं २००७ साली. मराठी अनुवाद मंजुल पब्लिशिंगने काढले. एवढ्या पसाऱ्यातल्या सगळ्याबद्दल मी बोलणार नाही, फक्त उजेडाच्या मंत्रांबद्दल बोलते. कारण आपल्या गावातली तक्रार उजेडाच्याच मंत्रावरून उठली.

सहावीतला एक मुलगा संध्याकाळी शिकवणीहून घरी येतो. वाट मोठ्या वडाखालून जाते. तिथे देवचाराचं, म्हणजे गावाचा राखणदार मानल्या जाणाऱ्या भुताचं, ठिकाण आहे, नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं जातं, आणि वाटेवरचा दिवा बहुतेक वेळा गेलेलाच असतो. तो वडापाशी आला की क्षणभर थांबतो, 'लुमॉस' म्हणतो आणि हातातली बॅटरी लावतो. शेजारच्या आजींनी एकदा ते ऐकलं. तिन्हीसांजेला, त्या झाडाखाली, पोर कसलासा मंत्र म्हणतंय म्हटल्यावर त्यांच्या पोटात गोळा आला, आणि तो यावा हे मी समजू शकते. त्या मुलाच्या आईशी बोलल्या आणि तिथून गोष्ट आपल्यापर्यंत आली. मी त्याला वर्गाबाहेर घेऊन विचारलं, मंत्राने बॅटरी लागते असं तुला वाटतं का रे? तो म्हणाला, "बाई, मंत्रान काय उजेड पडणा नाय, बटण दाबूचाच लागता. पण मंत्र म्हटलंय काय हात थरथरणा नाय. बटण बरोबर गावता."

या उत्तरात शब्दाचं काम वेगळं आहे आणि बटणाचं वेगळं. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला हा फरक स्पष्ट कळतो. अंधश्रद्धा सुरू होते ती हा फरक पुसला जातो तिथे. तो पुसण्याचं काम या पुस्तकांनी केलेलं नाही, उलट त्याला तो फरक मांडायला एक जागा दिली.

आणि योगायोग असा की हाच प्रसंग मालिकेच्या पाचव्या पुस्तकात आहे. हॅरी आपल्या मावसभावाबरोबर रात्री गल्लीतून जात असतो, एकाएकी सगळे दिवे विझतात, थंडी पडते, झटापटीत त्याची जादूची छडी हातातून निसटते. तो गुडघ्यांवर बसून जमीन चाचपतो आणि घाबरून नुसताच 'लुमॉस' म्हणतो. छडी हातात नाही, तरी तोंडून शब्द जातो. छडीचं टोक त्याच्या हातापासून काही इंचांवर पेटतं आणि ती त्याला सापडते. आमच्या मुलाने हे वाचलेलं होतं की नाही ते मी विचारलं नाही. पण अंधारात हात चाचपणाऱ्या पोराचं मन लेखिकेला नेमकं कळलं आहे, एवढं खरं.

आता 'लुमॉस' म्हणजे काय ते सांगते, कारण बैठकीत तो 'जारणमारणाच्या जातीचा' असा काही उल्लेख झाल्याचं ऐकलं. हा मालिकेतल्या सर्वांत साध्या मंत्रांपैकी एक. छडीच्या टोकाला उजेड होतो, 'नॉक्स' म्हटलं की विझतो. बस. त्याने पैसा मिळत नाही, आजार जात नाही, शेजाऱ्याची गाय आटत नाही, परीक्षेत गुण वाढत नाहीत. दुसऱ्या पुस्तकात हॅरी आणि त्याचा मित्र रॉन कोळीकिड्यांच्या रांगेमागून रात्री जंगलात शिरतात, तेव्हा हॅरी तो वापरतो. हातभर वाट दिसते आणि पुढे काय आहे ते स्वतःच्या पायांनी जाऊन बघावं लागतं. तिसऱ्या पुस्तकात घर सोडून निघालेला हॅरी काळोख्या रस्त्यावर उभा असतो, कोणीतरी आपल्याकडे बघतंय असं वाटून तो उजेड करतो, आणि भिंत व गॅरेज यांच्या मधल्या फटीत एका अवाढव्य प्राण्याचे डोळे त्याला दिसतात. उजेडाने भीती गेली नाही. तिथे काहीतरी आहे एवढं कळलं. मुलांना आपण अंधाराबद्दल नेहमी सांगतो की 'काही नसतं रे तिथे'. या पुस्तकांत असं खोटं आश्वासन कुठेच दिलेलं नाही, आणि मला वाटतं मुलं त्यांच्यावर विश्वास टाकतात त्याचं हेही एक कारण आहे.

तिसऱ्या पुस्तकाच्याच सुरुवातीची एक गोष्ट सांगते, कारण बऱ्याच मोठ्या माणसांनी मोबाइलवर सिनेमाचे तुकडे पाहून मत बनवलं आहे. २००४ सालच्या त्या सिनेमात हॅरी पांघरुणाखाली छडी पेटवून मंत्राचा सराव करताना दिसतो. पुस्तकात तसं नाही. पुस्तकात तो पांघरुणाचा तंबू करून साध्या बॅटरीच्या उजेडात शाळेचा अभ्यास करत असतो. वयात न आलेल्या जादूगाराने शाळेबाहेर जादू करायची नाही असा त्यांचा कायदा आहे. हातात जादूची छडी असलेला मुलगा बॅटरी वापरतो आणि अभ्यास करतो! ही पुस्तकं मुलांना नियम धाब्यावर बसवायला शिकवतात, असंही आपल्यापैकी कोणी म्हणालं होतं. हॅरी नियम मोडतो, पुष्कळदा मोडतो, पण त्या जगात नियम आहेत आणि मोडल्याची किंमतही मोजावी लागते.

अंधश्रद्धेच्या तक्रारीकडे वळते. ती करणारे गृहस्थ मनापासून काम करणारे आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी हत्या झाली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. तो कायदा मी शाळेत समजावून सांगते. चमत्काराच्या नावाखाली लोकांना फसवणं, लुबाडणं, भूत उतरवण्याच्या नावाने मारहाण करणं, डॉक्टरकडे जाऊ न देता गंडेदोरे करणं, या गोष्टी तो गुन्हा ठरवतो. गोष्ट सांगणं हा गुन्हा नाही. दशावतारात राक्षस येतो तेव्हा राळेचा जाळ भडकतो आणि पुढच्या रांगेतली पोरं किंचाळतात, तेही कायद्यात बसत नाही, आणि बसू नये.

पण कायद्याचं सोडा. बुवाबाजीविरुद्ध मुलांना काय वाचायला द्यावं असं मला कोणी विचारलं तर मी या मालिकेचं दुसरं पुस्तक देईन. त्यात लॉकहार्ट नावाचे एक शिक्षक आहेत. देखणे, प्रसिद्ध, स्वतःच्या पराक्रमांवर पुस्तकं लिहिणारे, जागोजागी स्वतःच्या तसबिरी लावणारे. शेवटी उघडकीस येतं की पराक्रम सगळे दुसऱ्यांचे. ज्यांनी ते खरोखर केले त्यांची स्मृती पुसून यांनी श्रेय लाटलेलं असतं. शाळेतली सगळ्यांत हुशार मुलगी हर्मायनीसुद्धा काही काळ त्यांच्यावर भाळलेली असते, हे विशेष. हुशार माणसंही फसतात, हे वर्गात शिकवायला मला याहून सोपं उदाहरण मिळालेलं नाही. पुढच्याच पुस्तकात तीच हर्मायनी भविष्य सांगायच्या तासाला, काचेच्या गोळ्यात धुकं बघून मृत्यूची भाकितं करणाऱ्या बाईंसमोरून उठते आणि वर्गाबाहेर पडते. जादूच्या शाळेतली जादू शिकणारी मुलगी ज्योतिषाचा तास सोडून जाते. हे पान तक्रारदारांनी एकदा वाचावं, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

आणि पहिल्या पुस्तकात एक वेल आहे. तिघं मुलं उंचावरून तिच्यावर पडतात आणि ती त्यांना आवळायला लागते. हर्मायनीला वर्गात शिकलेलं आठवतं की या वेलीला काळोख आणि ओल आवडते, म्हणजे जाळ केला पाहिजे. पण घाबरल्यामुळे ती ओरडते, लाकूड कुठे आहे! रॉन तिच्यावर खेकसतो, तू जादूगार आहेस की नाही? मग ती छडीतून निळा जाळ काढते आणि वेल आक्रसते. सिनेमात इथे जाळाऐवजी सूर्यप्रकाशाचा मंत्र आहे. पुस्तकातलं मला जास्त मोलाचं वाटतं. सुटका मंत्राने झाली हे खरं, पण आधी वनस्पतीचा स्वभाव माहीत असावा लागला आणि घाबरलेलं डोकं ताळ्यावर यावं लागलं. परीक्षेच्या हॉलमध्ये सगळं येत असून काहीच न आठवणारी मुलं मी दरवर्षी बघते. त्यांना ही वेल लगेच ओळखू येते.

'लुमॉस'च्या नादाने मुलं काय काय विचारतात तेही सांगते. मे संपता संपता, पहिल्या पावसाआधी, झाडांवर काजवे लखलखायला लागतात. यंदा मुलांचा प्रश्न होता, काजव्याचा मंत्र कोणता? त्यातून आम्ही काजव्याच्या पोटातल्या पेशींपर्यंत गेलो. ल्युसिफेरिन नावाचं द्रव्य, त्याला मिळणारा ऑक्सिजन, ल्युसिफरेज हे विकर, आणि उष्णता जवळजवळ नसलेला उजेड. मग एकाने विचारलं की रात्री किनाऱ्यावर कधी कधी लाटा निळ्या का चमकतात. तेव्हा पाण्यात हलवल्यावर चमकणाऱ्या नॉक्टिल्युका या एकपेशीय जीवाबद्दल बोललो. पाठ्यपुस्तकातून मी हा तास कधी एवढा रंगवू शकले नव्हते.

आता ज्या मंत्रासाठी मी खरं तर हे पत्र लिहायला बसले त्याबद्दल.

तिसऱ्या पुस्तकात डिमेंटर येतात. काळे बुरखे घातलेले, तुरुंगावर पहारा देणारे. ते जवळ आले की थंडी पडते, दिवे मालवतात, आणि माणसाच्या मनातलं सुखाचं असेल ते सगळं शोषलं जातं. मागे फक्त वाईट आठवणी उरतात. स्वतःच्या नैराश्याच्या काळातून आपल्याला हे सुचल्याचं रोलिंग यांनी सांगितलं आहे. डिमेंटरांविरुद्ध जो मंत्र आहे त्यातून रुपेरी उजेड निघतो, त्याला पॅट्रोनस म्हणतात. ल्युपिन हे शिक्षक तो हॅरीला शिकवतात. शिकवताना आधीच बजावतात की हा अवघड आहे, भल्याभल्या जादूगारांना जमत नाही. मंत्र म्हणताना मनात अतिशय सुखाची एक आठवण घट्ट धरायची, नुसते शब्द उच्चारून काही होत नाही. हॅरी पहिल्यांदा झाडूवर उडालेला क्षण आठवतो, ती आठवण पुरत नाही. दुसरी धरतो, तीही कमी पडते. तो कोसळतो, शुद्धीवर येतो, चॉकलेट खातो, पुन्हा उभा राहतो. आणि यात आणखी एक पेच आहे. डिमेंटर जवळ आला की हॅरीला त्याच्या मेलेल्या आईवडिलांचे शेवटचे आवाज ऐकू येतात. ते भयंकर आहेत, पण आईवडिलांचे तेवढेच आवाज त्याच्या वाट्याला आलेले आहेत. म्हणून मंत्र जमावा असं त्याला वाटतं आणि त्याच वेळी तो आवाज थांबू नये असंही वाटतं. दुःख सोडवत नाही, कारण त्यात आपलं माणूस आहे. मुलांच्या पुस्तकात एवढं खोल कुणी लिहावं आणि आपण ते कपाटात घालावं, हे मला सहन होत नाही.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आपला किनारा घासून गेलं. आधीच कोविडने शाळा बंद, त्यात विजेचे खांब आडवे, कित्येक वाड्यांत दिवसचे दिवस काळोख, मोबाइल चार्ज करायची सोय नाही. ज्या घरांत त्या महिन्यांत कुणी गेलं त्या घरांतली मुलं पुढे शाळेत आली तेव्हा काही जणं बोलतच नव्हती. मी डॉक्टर नाही, समुपदेशक नाही. पण त्यानंतर वर्गात हे पुस्तक मोठ्याने वाचताना डिमेंटरचं वर्णन आलं, आणि एक मुलगी, जी आपणहून कधी बोलत नसे, म्हणाली, "बाई, असा आमच्याकडे झाला हुता." एवढंच. तिला जे झालं होतं त्याला एक आकार मिळाला, आणि ते आपल्या एकटीलाच झालेलं नाही हे कळलं.

त्या आठवड्यात मी मुलांना लिहायला दिलं, तुमचा पॅट्रोनस कोणत्या आठवणीवर उभा राहील? मला वाटलं वाढदिवस, नवी सायकल, बक्षीस असं येईल. थोडं तसं आलंही. पण आपल्या भागात घराघरातून वडील मुंबईला असतात, गणपतीला आणि शिमग्याला येतात, बाकीचं वर्ष फोनवर. एका मुलीने लिहिलं होतं की चतुर्थीच्या आदल्या पहाटे कणकवली स्टेशनवर बाबा गाडीतून उतरले, त्यांच्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या म्हणून त्यांनी नुसती मान खाली केली आणि मी त्यांच्या गळ्यात हात टाकले, ती आठवण. खाली लिहिलं होतं, "ही पुरेल असं वाटतं." मी त्या वहीवर शेरा काही लिहिला नाही. काय लिहिणार?

याच मुलीसाठी मला तिसऱ्या पुस्तकाचा शेवट महत्त्वाचा वाटतो. तळ्याकाठी शेकडो डिमेंटरांनी घेरलेलं असताना हॅरीला पलीकडच्या काठावर कोणीतरी प्रचंड रुपेरी उजेड पाडून आपल्याला वाचवताना दिसतं. त्याला वाटतं, ते आपले बाबा होते. काळात थोडं मागे जायची संधी मिळते तेव्हा तो त्या काठावर झुडपामागे बसून बाबा येण्याची वाट बघतो. कोणी येत नाही. आता येतील, मग येतील. आणि एकदम त्याच्या लक्षात येतं की मघाशी जो दिसला तो आपणच. तो झुडपामागून बाहेर येतो आणि मंत्र म्हणतो, आणि छडीतून निघालेलं मोठ्या शिंगांचं रुपेरी हरीण पाण्यावरून धावत जातं. हॅरीचे वडीलही तशाच हरणाचं रूप घेत असत. म्हणजे वडील आले नाहीत आणि तरी आले. वाट बघत मोठ्या होणाऱ्या मुलांच्या गावात हे पान मुलांपर्यंत पोचायला चिठ्ठी कशाला लागावी? आणि ती सही करणार कोण? आजी अंगठा देते, आई वाडीत कामाला, वडील मुंबईत.

मी फक्त गोड बाजू सांगते आहे असं वाटू नये. या पुस्तकांत प्रत्येक उजेड चांगला नसतो, आणि हे मुलांना कळणं मला फार आवश्यक वाटतं. माणूस ठार करणारा जो मंत्र आहे तो हिरव्या उजेडाच्या लोळाने येतो. हॅरीच्या आयुष्यातली सगळ्यांत जुनी आठवण तीच, हिरवा लखलखाट. उलट पहिल्याच पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात डंबलडोर, हॅरीच्या शाळेचा मुख्याध्यापक आणि सगळ्यांत भला माणूस, एका चापाच्या यंत्राने रस्त्यावरचे बाराच्या बारा दिवे विझवतो, कारण अनाथ झालेल्या बाळाला कुणाच्या नजरेत न येता सुरक्षित पोचवायचं असतं. तेच यंत्र सातव्या पुस्तकात रॉनच्या हाती येतं. मित्रांशी भांडून निघून गेलेल्या रॉनला त्यातून हर्मायनीचा आवाज ऐकू येतो, एक उजेडाचा गोळा निघतो, त्याच्या छातीत शिरतो आणि त्याला मित्रांपर्यंत परत नेतो. दिवे विझवणारी वस्तूच वाट दाखवते. उजेड दिसला की शरण जा असं ही पुस्तकं शिकवत नाहीत. हा उजेड कुणी लावला आणि कशासाठी, हे विचारायला शिकवतात. देवाच्या नावाने दिवे लावून लोकांना लुबाडणारे आपल्याही मुलुखात कमी नाहीत. त्यांच्यासमोर उभं राहताना मुलांना हाच प्रश्न उपयोगी पडेल.

याच संदर्भात एक वस्तू सांगते. दुसऱ्या पुस्तकात काळ्या जादूच्या दुकानात एक वाळलेला हात विकायला ठेवलेला असतो. त्यात मेणबत्ती धरली की उजेड फक्त ज्याच्याकडे तो हात आहे त्यालाच दिसतो, बाकी सगळे काळोखात. सहाव्या पुस्तकात हॅरीशी वैर असलेला ड्रॅको तो वापरतो. आधी हवेत काळोखाची पूड उधळतो. समोरची मुलं 'लुमॉस' म्हणतात, जाळाचा मंत्र म्हणतात, काहीच उमटत नाही. ड्रॅको मात्र त्या हाताच्या उजेडात आपल्या माणसांना घेऊन आरामात निघून जातो. ही वस्तू पुस्तकात वाईट मानली आहे आणि ते बरोबर आहे.

देवगडच्या किल्ल्यावरची दीपगृहाची बत्ती आपण सगळ्यांनी लहानपणापासून पाहिली आहे. ती कुणाला विचारत नाही की तू कुठल्या बंदराचा, तुझ्याकडे चिठ्ठी आहे का. समुद्रात कोण आहे हे तिला माहीतही नसतं. वाचनालयाचं काम मला त्या जातीचं वाटतं. कोकणात ते आजचं नाही. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ सालचं आहे, राज्यातल्या सर्वांत जुन्या ग्रंथालयांपैकी. त्या परंपरेतलं वाचनालय मुलांची पुस्तकं कुलपात ठेवतं आणि किल्ली एका टेबलाच्या खणात जाते, तेव्हा उजेड किल्लीवाल्यापुरता उरतो.

राहिली दुसरी तक्रार, परकेपणाची. यावर मला फार बोलायचं नाही. संध्याकाळी तुळशीपाशी दिवा लावून 'शुभं करोति' म्हणणारं मूल 'लुमॉस' म्हणाल्याने ते विसरत नाही. वडाखालचा तो मुलगा, मी विचारल्यावर म्हणाला, रामरक्षाही येते त्याला, ती घरी पोचेपर्यंत म्हणतो. दोन्ही त्याच्या तोंडात सुखाने नांदतात. पिंगुळीच्या ठाकर कलावंतांनी दिव्यापुढे चामड्याच्या बाहुल्या नाचवून पडद्यावर सावल्यांचं रामायण पिढ्यान् पिढ्या दाखवलं. त्यांच्यातल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. काळोख, दिवा आणि गोष्ट हे ज्या मुलखाच्या अंगात मुरलेलं आहे, त्या मुलखाने दुसऱ्या देशातल्या दिव्याच्या गोष्टीला घाबरावं असं मला काही दिसत नाही. धास्तावलेल्या आजींना मी जाऊन भेटले. पाचव्या पुस्तकातला तो गल्लीतला प्रसंग त्यांना मालवणीत सांगितला. त्यांनी विचारलं, "मगे? तेका काठी गावली मां?" गावली म्हटल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. त्यांची हरकत आता उरलेली नाही, हे त्यांच्या परवानगीने इथे लिहिते.

कार्यकारिणीकडे माझं मागणं एवढं आहे की हा ठराव पुढच्या बैठकीत पुन्हा चर्चेला घ्यावा आणि पुस्तकं बालविभागाच्या फळीवर परत ठेवावीत. चिठ्ठीची अट काढावी. लहान मुलांसाठी शेवटची पुस्तकं जड आहेत, त्यांत मृत्यू पुष्कळ आहेत, हे मला मान्य आहे. त्यासाठी ग्रंथपालांनी मुलाशी दोन मिनिटं बोलावं, आधीचे भाग वाचलेत का ते विचारावं, वाटल्यास पालकांशी बोलावं. माणसाने माणसाशी बोलायचं काम चिठ्ठीवर टाकू नये. तिसऱ्या भागाची आपली प्रत वाळवीने खाल्ली आहे, मधली पानं सुटली आहेत आणि नेमकं तळ्याकाठचं प्रकरण अर्धं गेलं आहे. माझ्याकडची प्रत मी वाचनालयाला देते आहे, ती दाखल करून घ्यावी.

शनिवारी शाळा सकाळची असते. दुपारी तीन ते पाच मी वाचनालयात बसायला तयार आहे. ज्या पालकांना शंका आहे त्यांनी मुलांना घेऊन यावं, आपण मोठ्याने वाचू, अडेल तिथे थांबू, पटणार नाही तिथे वाद घालू. तक्रार करणाऱ्या गृहस्थांना खास आमंत्रण आहे. हर्मायनी ज्योतिषाच्या तासाला उठून जाते ते प्रकरण त्यांनी स्वतः वाचून दाखवावं, मुलांना त्यांचा आवाज आवडतो. बैठकीची तारीख कळली की मीही येईन, आणि सहावी-सातवीतली काही मुलं आपलं म्हणणं मांडायला येऊ इच्छितात. त्यांना पाच-दहा मिनिटं द्यावीत.

आपली विश्वासू,
वाचनालयाची एक सभासद व प्राथमिक शिक्षिका
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग